अख्ख्या तुकडीचा एकच रक्तगट

मंगळवार, १० जुलै २००१
मुलींच्या शाळेच्या ओळखपत्रांचा प्रोग्रॅम इन्स्टिट्यूटच्या सरांनी मला दिला. नीट झाला तर सकाळची जावा प्रोग्रॅमिंगची बॅच शिकवायला कायमची माझी. इन्स्टिट्यूटची किल्लीही दिली.
रक्तगटाच्या ओळीवर कंपायलर अडला, प्रोग्रॅम पुढे जाईना. सर जाता जाता म्हणाले, "त्या ओळीपुढे स्टॅटिक हा शब्द लाव, गप्प बसतो." लावलं. बसला. शाळेच्या नावालाही स्टॅटिकच आहे, मग हरकत काय. तरी नीट कळलेलं नाही...

बुधवार, ११
चाचणी. तीन कार्डं: आई, आत्या, मी. तिन्हींवर ओ पॉझिटिव्ह. बरोबर. तीनदा ताडून पाहिलं. सरांनी छपाईला घेतलं.

शुक्रवार, १३
नववी अ चा लॅमिनेट केलेला गठ्ठा हातात आला. सगळ्या मुली बी पॉझिटिव्ह. यादी काढली. तो शेवटच्या मुलीचा, वाघचा गट. नववी ब मध्ये सगळ्या ए.
पुस्तक काढून पाहिलं. स्टॅटिक म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टना, इथे सगळ्या मुलींच्या कार्डांना, मिळून एकच जागा. शाळेचं नाव तिथे ठीक, ते सगळ्यांचं एकच. रक्तगट जिचा तिचा. मी एकाच जागेत एकीवर दुसरी लिहीत गेले, वाघ तेवढी उरली. आणि चाचणीला घेतल्या घरच्याच तिघी, एकाच गटाच्या. चूक दिसणार कुठून.
सरांना सांगितलं. म्हणाले, रक्त देण्याआधी दवाखान्यात तपासतातच, कार्ड कोण वाचतं. परत छापायचं नाही, उद्या वाटायची आहेत. मी म्हटलं, मग कार्डावर गट छापायचाच कशाला?
"एक बॅच दिली तर मलाच शिकवायला लागलीस? आणि स्टॅटिक लावलं कोणी, मी की तू?"
मीच. खरं आहे.
घरी आत्या झेंडूच्या माळा करत होती. शाळेत जायच्या आधी पाटीवर मला तिनेच शिकवलं. लहानपणी शेजारच्या काकूंना मी चतुर्थीचा दिवस चुकीचा सांगितला, तर तो दुरुस्त करायला तिने मला भर उन्हात परत पाठवलं होतं. आज सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शाळा किती वाजता उघडते गं?"

शनिवार, १४
सकाळी स्टॅटिक काढलं, रक्तगट प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये ठेवला. या वेळी चाचणीला वेगवेगळ्या गटांच्या चौघी. चारही बरोबर.
मग शाळेत. मुख्याध्यापक बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, सरांनी पाठवलं का?
"नाही. मीच आले. चूक माझी आहे."
बाईंनी वाटायला आलेले गठ्ठे कपाटात टाकून कुलूप लावलं. सरांना सोमवारी दुपारी बोलावलंय.

रविवार, १५
शेजारच्या फोनवर सरांचा निरोप: उद्यापासून येऊ नकोस. आई म्हणते, जाऊन माफी माग. कशाची? चुकीची मागून झाली, शाळेत. सांगितल्याची मागणार नाही.
बॅच सकाळी सातला. उद्याचा धडा स्टॅटिकच आहे, आणि तो आता मला येतो. किल्ली सरांनी अजून मागितलेली नाही. पावणेसातला इन्स्टिट्यूटचं कुलूप उघडणार आणि शिकवणार. पुढचं सर आल्यावर.