काळे, चामड्याचे, लेसवाले

३ मे १९५९, रविवार

काळे बूट. चामड्याचे. लेसवाले. आत मोजे. — एवढ्यावर येऊन माझा संसार अडलाय!

काल पिरंगुटला लग्न होतं. नवरदेवाच्या साहेबाबरोबर मोटारीतून एक गोवेकर आला होता. पास्कोल नाव. पुण्यात कॅम्पातल्या क्लबात बँडमास्तर आहे. वरात देवळापाशी थांबली तेव्हा तो माझ्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. मी क्लारनेट खाली घेतलं तर म्हणाला, "वाजवतो चांगला. पण केवढ्यानं! आमच्याकडं डोक्यावर छप्पर आहे." मला रागच आला. वरातीत काय कानात कुजबुजायचं?

मग त्यानं शिट्टीवर एक इंग्रजी चाल म्हटली. मी लगेच वाजवून दाखवली. दुसरी म्हटली, तीही वाजवली. तेव्हा गडी जरा नरम आला. त्याचा क्लारनेटवाला मुंबईला चाललाय. जूनपासून माणूस पाहिजे. चोवीस तारखेला, रविवारी दुपारी क्लबात नाच असतो, तेव्हा येऊन वाजवायचं. जमलं तर नोकरी — बारमाही!

मी हो म्हणायच्या आधीच त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. बँडचे पांढरे कॅनव्हास, अंगठ्यापाशी भोक. बोटांवर मोजत त्यानं वरचे चार नियम सांगितले. ते नसतील तर दरवान दारातूनच परत पाठवतो, मग वाजवणारा असला तरी. "क्लबात आधी पाय बघतात," म्हणाला.

बारमाही! हाच शब्द भिवाजीमामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, वापरला होता. सगुणा होळीला माहेरी नांद्याला गेली ती गेलीच. मामा म्हणाले, लग्नसराईत चार महिने पिपाणी फुंकायची आन् आठ महिने घरात बसायचं, असं चालायचं न्हाई. बारमाही नोकरी दाखवा आन् पोरगी घेऊन जा. पाऊस लागायच्या आत. न्हाईतर पंचांपुढं काडीमोड!

क्लारनेटला पिपाणी म्हणतो माणूस. सासरा आहे म्हणून गप्प बसलो.

६ मे

नांद्याला जाऊन आलो. नोकरीचं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, "बसा जावईबापू" म्हणाले आणि आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. "नोकरी लागल्याचा कागूद पायजे. तोंडी नगं." एवढं बोलले आणि अंगणातल्या म्हशीकडं बघत बसले. माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत, इतका राग!

सगुणानं पाणी आणून ठेवलं. मी "बरी आहेस का" म्हणालो. "हाय" म्हणाली.

क्लबात दारू मिळते हे मामांना सांगितलं नाही. विचारलं नाही, सांगितलं नाही.

८ मे

शेजारचा कुशाबा लष्करात होता, त्यानं तिथले बूट दिले. काळे आहेत. चामड्याचे आहेत. लेस आहे. चारही नियम बसले, मोजेसुद्धा त्याचेच. घरात घालून पाहिले. आई म्हणाली, "कुनावर चालून जातोयस?"

१० मे, रविवार

पुण्याला गेलो. कुशाबाचे बूट पिशवीत घेऊन.

क्लबाच्या दारावरचा दरवान नथू म्हणून आहे. तो निघाला आपल्याकडच्या माले गावचा! गाववाला म्हटल्यावर त्यानं स्टूल दिलं. दुपारभर त्याच्याजवळ बसून येणाऱ्यांचे पाय बघितले. शेवटी शेवटी तोंडाकडं बघायची सवयच मोडली.

नथूभाऊ जाणता माणूस आहे. म्हणाला, तपकिरी दिवसा चालतात, दिवे लागल्यावर न्हाई. टोकदार न्हाई, बक्कलवाले न्हाई, रबरी तळाचे न्हाईत. सँडल घालून आलेला माणूस कुणीही असो, परत. मागं एक इनामदार आले होते. रेशमी फेटा, जरीचे जोडे, सोबत दोन गडी. नथूभाऊनं दारातच अडवलं. त्यांच्या मागून एक कारकून आला, साधे काळे बूट, टाचेला झिजलेले. तो सरळ आत गेला. "मला लई वाईट वाटलं," नथूभाऊ म्हणाला, "पन नेम तो नेम."

स्वतः नथूभाऊच्या पायात वहाणा आहेत. तो बाहेर उभा असतो, म्हणून त्याला नियम नाही.

कुशाबाचे बूट पिशवीतून काढून दाखवले. त्यानं उलटे करून तळ बघितला आणि लगेच परत दिले. खाली खिळे आणि नाल. आत नाचायची जमीन लाकडी आहे म्हणे, आरशासारखी. "ह्ये घालून तू एकदा नाचलास की पुन्ना कुनी नाचायचं न्हाई."

आत दारू कशी चालते, ते विचारलं. सगळीकडं दारूबंदी आहे ना! तर आत येणाऱ्यांकडं परमिट असतं. तब्येतीसाठी लागते, असं डॉक्टरनं लिहून दिलेलं. खिडकीतून पाहिलं. इतके आजारी लोक एका ठिकाणी नाचताना मी पहिल्यांदाच बघितले.

११ मे

काल रात्री पुण्यात राहिलो, सकाळी बुटांच्या दुकानात गेलो. लाकडी खुर्चीवर बसवलं. दुकानातल्या माणसानं माझा पाय हातात घेतला. मला कसंतरीच झालं. माझ्याहून वयानं मोठा माणूस!

आठ नंबर आणला. लांबीला बरोबर, बोटं आत जाईनात. नऊ आणला. बोटं गेली, टाच बाहेर निघते. दहा आणला, त्यात मी चाललो आणि बूट जागेवर राहिला. त्यानं घाम पुसला. म्हणाला, "पाय मोठा नाही तुमचा. पसरलाय." सत्तावीस वर्षं अनवाणी नाहीतर वहाणेत डोंगर चढलेला पाय आहे, पसरेल नाही तर काय करेल! असं मनात म्हणालो. तोंडानं "बरं" म्हणालो आणि निघालो.

एस.टी.त पौडपर्यंत लोकांचे पाय बघत आलो. सगळ्यांचे माझ्यासारखेच. मग जरा बरं वाटलं.

१२ मे

आई म्हणाली, एवढं हिंडण्यापरीस गेणबाकडं का गेला न्हाईस? आमच्या तिन्ही पिढ्यांच्या वहाणा त्याच्याच घरच्या. पण गेणबानं जन्मात विलायती बूट केलेला नाही.

तरी गेलो. तो म्हणाला, "नमुना आन. मानसानं केल्यालंच आसंल की ते."

१४ मे

पुन्हा पुणे! नथूभाऊनं क्लबात राहून गेलेला एक बूट दिला. एकच. डावा. काळा, साधा, लेसवाला. एका पायात बूट नसताना तो साहेब घरी कसा गेला, कुणाला माहीत नाही.

संध्याकाळी गेणबाला दिला. त्यानं वास घेतला, वाकवला, शिवणीवरून नख फिरवलं. माझे पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढले, सुतानं घेर घेतला. मी तीनदा सांगितलं, दुसरा उजव्या पायाचा करायचा, उलटा. चौथ्यांदा सांगायला लागलो तर म्हणाला, "वाल्मीक, दोन पाय मलाबी हायेत."

चोवीस तारखेच्या आत दे म्हणालो. कशासाठी तेही सांगितलं. सगुणाचं पण सांगितलं. गेणबानं कागदाची घडी केली. मग म्हणाला, "आसं करतो की पुन्याचं सायब बघत ऱ्हातील."

१८ मे

लग्न, घोटवडे. वाजवताना मनात पास्कोलच. हळू वाजवायचा प्रयत्न केला. कोंडाजी — बँडचा मालक — ओरडला, "आजारी हायेस का रं?"

२० मे

लग्न, मुठा. जोरात वाजवलं. ओठ फुटला.

२३ मे, शनिवार

बूट आले! काय सांगू! नमुन्याशेजारी ठेवले तर नमुना लाजेल. काळेभोर, मऊ, पुढून रुंद पण दिसायला रुंद नाहीत. बोटं आत ऐसपैस. आईनं कुंकू लावायला हात पुढं केला, मी अडवलं. काळ्यावर लाल, नियमात बसणार नाही.

गेणबानं अट घातली — जमिनीवर टेकवायचे न्हाईत, थेट क्लबात घालायचे. म्हणून घोंगडीवर बसूनच घालून पाहिले, चाललो नाही. उद्या.

२४ मे, रविवार

सगळं लिहितो.

क्लबासमोरच्या झाडाखाली बसून बूट चढवले, लेसा बांधल्या. नथूभाऊ दारात ताठ उभा. मला ओळख दाखवली नाही, आधी पाय बघितले. वाकून बघितले. मग बाजूला झाला आणि सलाम ठोकला. मला!

पायऱ्यांवर सतरंजी होती, तिथपर्यंत ठीक. पुढं ती लाकडी जमीन. आरशासारखी. पलीकडच्या टोकाला पास्कोलमास्तर आणि त्यांचा बँड. मधे काही नाही. साहेब-मडमा कडेनं टेबलांभोवती बसलेल्या, अजून नाच सुरू नव्हता. मी पहिलं पाऊल टाकलं —

कर्र.

दुसरं टाकलं. कर्रर्र!

गेणबानं करकर घातली होती! पाटलाच्या वहाणांना घालतात तशी, तळाच्या दोन थरांत, खणखणीत. चार शेतं पलीकडं ऐकू जाईल अशी. मी थांबलो, आवाज थांबला. निघालो, आवाज निघाला. सगळ्या टेबलांनी माझ्याकडं बघितलं. एका मडमेनं पेला खाली ठेवला. चवड्यांवर चाललो तर बारीक आवाजात करकरले, ते जास्तच वाईट. शेवटी सरळ चाललो. तेवढी लांब खोली मी जन्मात पाहिलेली नाही.

खुर्चीवर बसलो. पास्कोलमास्तरांनी बुटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हात वर केला.

आता माझं असं आहे की मी वाजवताना पायानं ठेका धरतो. पाय हलला की अंगात येतं, अंगात आलं की जोर येतो. आज पाय हलवायची सोय नव्हती. दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर धरले आणि तसेच धरून ठेवले. पोट दुखायला लागलं. पोट आवळलेलं, त्यामुळं श्वास पुरेना, त्यामुळं फुंक बारीक. इतकं हळू मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. मला वाटलं, गेलं सगळं. गेली सगुणा. डोळ्यांत पाणी आलं, पण दोन्ही हात क्लारनेटवर, पुसणार कसं?

असे चार नाच. आजारी लोक एकमेकांना धरून हळूहळू फिरत होते.

संपल्यावर पास्कोलमास्तर म्हणाले, "हे कुठं शिकलास? त्या दिवशी तर बैल हाकल्यासारखा वाजवत होतास." मी म्हणालो, सराव केला. "असंच पाहिजे. एक तारखेपासून ये." आणि जाता जाता, "बुटांना तेल पाज."

कागद द्या म्हणालो. हसले, पण दिला. सेक्रेटरीच्या सहीचा. शिक्का पण आहे!

२५ मे

गेणबाशी भांडायला गेलो. म्हणालो, करकर कुणी सांगितली होती? त्याला खरंच कळेना मी का तापलोय. म्हणाला, "मुकं पायतान घालून मोठ्याच्या दारात जातोस व्हय? चोर हायेस का तू? मानूस आला त्ये चार लोकांना कळाया नगं?" वरून म्हणाला, करकर घालायला एक आख्खा दिवस गेला, ती त्यानं माझ्यासाठी, सगुणासाठी घातली.

मग काय बोलणार! त्याच्या पाया पडलो. तेल पाजून करकर मारतो म्हणाला, पण आता नाही. "आदी सासुरवाडीला जाऊन ये. तितं वाजूं दे."

२९ मे, शुक्रवार

नांद्याला गेलो. बूट घालून. वेशीपासून करकर सुरू. दारादारांतून माणसं बाहेर आली, कोण आलं बघायला. दोघांनी उठून रामराम केला. नंतर मी आहे म्हटल्यावर बसले.

मामांनी कागद हातात घेतला. उलटासुलटा केला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. "बारमाही?" म्हणाले. मी म्हणालो, बारमाही. शिवाय राहायला खोली, दोघांना पुरेल अशी, विचारून ठेवलंय.

मला वाटलं, खूश होतील. त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. आनंदानं होत असेल. कागद घेऊन आत गेले, तासभर आले नाहीत. आतून बोलल्याचा आवाज येत होता. मी ओसरीवर बसून राहिलो. बाहेर आले ते म्हणाले, "रविवारी या. तवर थांबा." का, ते विचारलं नाही. पोरीला पाठवायचं म्हणजे साडीचोळी, बांधाबांध, असतं काहीतरी.

परत येताना लवळ्याच्या माळावर कुणी नव्हतं. पास्कोलमास्तरांची चाल मोठ्यानं वाजवली. आज लई बरं वाटतंय. खोलीत चूल कुठं मांडायची तेसुद्धा ठरवलं. खिडकीखाली.

३१ मे, रविवार

मामा आत गेले नाहीत. सगुणाच बाहेर आली. लग्नाच्या तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून बोलली. "अट बाबांची न्हाई. माझी हुती. तुमाला बारमाही नोकरी घावायची न्हाई, म्हनून घातली हुती."

मामा खाली मान घालून बसले होते.

नोकरी उद्यापासून आहे.