बसवलेले झाकण परत न उचलण्याबाबत

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
गटार व मलनिस्सारण विभाग,
तळमजला, मागील दार.

विषय : चष्म्याच्या दुकानासमोरील गटारावर बसवलेले झाकण 'अनधिकृत' ठरवून उचलून न नेण्याबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस. (ही प्रथम आपल्याच घरी जाऊन आली, असे शिपाई म्हणाला.)

महोदय,

१. अर्जदाराचे चष्म्याचे दुकान असून वरच्या खोलीत तो आईसह राहतो. आपले आणि अर्जदाराचे नाव एकच, वडिलांचे नावही एकच. आडनावे तेवढी निराळी. पण मोबाइलच्या पडद्यावर आडनाव येण्याआधीच जागा संपते आणि तीन ठिपके येतात. त्या ठिपक्यांवर बोट ठेवून पुढचे वाचण्याची तसदी आजवर कोणी घेतलेली नाही. लोकांना अक्षरे दिसावीत म्हणून अर्जदाराने उभी हयात घालवली, तिचे हे फळ.

२. आपण रुजू झालात तेव्हा गल्लीच्या ग्रुपवर आपल्याला घ्यायचे ठरले आणि घेतले गेले अर्जदाराला. तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर तुंबलेल्या मोऱ्यांचे फोटो येतात. "मी चष्मेवाला" असे लिहिले की खाली हसरे चेहरे उमटतात. कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर तर प्रत्यक्ष दुकानात आले, अर्जदाराला नखशिखान्त न्याहाळून म्हणाले, "एवढ्या हुद्द्यावर असून दुकानात बसता साहेब, शोभतं तुम्हाला. पण आमच्या मोरीचं तेवढं बघा." मास्तरांच्या नाकावरचा चष्मा अर्जदारानेच बनवलेला आहे.

३. मध्यंतरी अर्जदाराच्या जिन्यासमोरचे झाकण फुटले. शेवटची पायरी उतरली की पाय थेट गटारात. आई म्हातारी, एका डोळ्याने अधू. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकायचे, यातच तिचा दिवस जाई. ते बंद पडले. ती वर बसून भिंतीशी बोलू लागली आणि अर्जदाराला खाली ते ऐकवेना. सबब त्याने आपल्याकडे ऑनलाइन तक्रार केली. आपल्या लिपिकाने तक्रारदाराच्या रकान्यातले अर्धे नाव वाचले, नोंद साहेबांनीच केली असे मानले आणि "बाब साहेबांच्या निदर्शनास आलेली आहे" असा शेरा मारून तक्रार निकालात काढली. अर्जदार भेटीस आला. नाव ऐकून लिपिक उभा राहिला, चेहरा पाहून खाली बसला आणि म्हणाला, "साहेबांना माहीत आहे म्हटल्यावर आता आणखी काय करायचं?" आपण आत आहात की नाही, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

४. घरी आईने विचारले, "अरे, सगळी गल्ली तुला साहेब म्हणते, आणि तुझ्याच्यानं एक झाकण बसवून होत नाही?" अर्जदार मान खाली घालून जेवला. ही मान वास्तविक आपण खाली घालायची होती, एवढे रेकॉर्डवर असावे.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने ग्रुपवरच्या आपल्या मुकादमाला दोन ओळी लिहिल्या : चष्म्याच्या दुकानासमोर झाकण नाही, उद्या बसवा. स्वतः अधिकारी असल्याचे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तशी गरजच पडली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आत माणसे हजर. झाकण बसले, कडेने सिमेंटही झाले. मुकादमाने आपणांस कधी पाहिलेले नसावे, कारण त्याने अर्जदारालाच वाकून विचारले, "अजून काही साहेब?" अर्जदाराने मास्तरांची मोरी दाखवली. तीही मोकळी झाली.

६. आता नोटीस म्हणते, की अर्जदाराने आपल्या हुद्द्याचे सोंग घेतले, म्हणून झाकण काढून नेण्यात येईल. नम्र निवेदन असे, की आपल्या हुद्द्याचे सोंग घ्यायचे असते तर अर्जदार नुसता बसून राहिला असता. कार्यालयाला संशय आला तो काम झाल्यावरच, याचीही नोंद व्हावी.

७. आई पुन्हा खाली येऊन बसते. तिच्या खुर्चीचे मागचे पाय त्याच झाकणावर असतात. तिला तिथून कोणी उठवलेले अर्जदाराला खपणार नाही, हे साध्या भाषेत लिहितो.

८. तरीही आदेश काढायचाच असेल तर आपण जरूर काढावा. पण नुकतेच बसवलेले झाकण उचलायचे म्हटल्यावर मुकादम बुचकळ्यात पडेल आणि "नक्की उचलायचं ना साहेब?" असे मोबाइलवर विचारून घेईल. आजवर त्याचे सगळे प्रश्न अर्जदाराकडेच आले आहेत. हाही येईल, आणि अर्जदार त्याला तात्काळ उत्तर देईल.

आपला नावापुरता नम्र,
(सही)
चष्मेवाला

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत : झाकणाचे छायाचित्र. (आई बाजूला व्हायला तयार नसल्याने झाकण पूर्ण दिसत नाही.)