चाळीस नंबरचा निळा

११ जानेवारी

मागची बाग साफ केली! एकट्याने!

ही लेकीकडे गेलीय, डोळ्यांत इंजेक्शनं घ्यायला. घर खायला उठतं. सकाळी मागचं दार उघडलं तर हायड्रेंजियाच्या कुंड्यांत नुसत्या वाळक्या काड्या. टोकाला मागच्या वर्षीची तपकिरी फुलं, हात लावला की कुरकुर वाजणारी. भिंतीलगत सावलीतला वाफा, तिथेही तेच. म्हटलं, ही येईपर्यंत नीटनेटकं करू. आमचे वडील गुलाब छाटायचे — ‘कापल्याशिवाय फुटत नाही’ म्हणायचे. मीही कात्री घेतली आणि सगळी झाडं वीतभर ठेवून उडवली. एक काडी सोडली नाही.

बाग हिची, पेपर माझा, ही आमची जुनी वाटणी. पण तीस-पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, फालतू ते खोडायची सवय हाताला आहेच. आता कशी छान दिसतेय बाग! ही आली की बघेल आणि तोंडात बोट घालेल.

१२ जानेवारी

कंबर धरली. वाकायचं वय गेलं म्हणायचं.

१९ जानेवारी

लेकीचा फोन. ‘बाबा, बसून ऐका.’ बसलो.

इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. समोरचं मधलं हळूहळू पुसट होत जाणार. रंग आधी जातात. डॉक्टर म्हणाले, हा उन्हाळा बहुतेक दिसेल, पुढच्याचं सांगता येत नाही. तेवढ्यात हिनेच फोन ओढून घेतला. ‘अहो, रडूबिडू नका हं. मला यंदाचा चाळीस नंबर तेवढा डोळे भरून बघू दे. मग काय व्हायचं ते होवो.’

चाळीस नंबर म्हणजे आमच्या हायड्रेंजियाचा निळा. ही दोऱ्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाने कापड पुढे टाकायचं आणि हिने न शोधता त्याच रंगाचं रीळ काढून द्यायचं. दोन निळ्यांत मला फरक दिसायचा नाही, ही म्हणायची, ‘हा अडतीस, तो चाळीस, आंधळे आहात का?’ घरातली प्रत्येक वस्तू हिच्यासाठी नंबरानेच ओळखली जाते. माझं नाक थंडीत एकोणीस होतं म्हणे.

आणि हा निळा आपसूक येत नाही. आमची माती अशी की सोडून दिलं तर फुलं गुलाबी होतात. ही वर्षभर तुरटीचं पाणी घालते, तेव्हा कुठे तो रंग चढतो.

२३ जानेवारी

मेलो.

शेजारीणबाई भिंतीवरून डोकावल्या. ‘अहो भाऊ! ही हजामत कोणी केली?’ मी फुशारक्या मारत म्हटलं, मीच. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘गुलाब वाटले का तुम्हाला? हायड्रेंजियाचं फूल जुन्या काडीवर येतं. कळ्या मागच्या वर्षीच टोकाशी तयार होऊन बसतात. ती वाळकी फुलं वहिनी मुद्दाम ठेवतात, थंडीत कळीला टोपी म्हणून!’

‘मग यंदा?’

‘यंदा पानं बघा.’

कापलेल्या काड्या अजून कोपऱ्यात पडल्यात. एक उचलली. टोकाशी खरंच फुगीर काहीतरी होतं. नखाने उकललं तर आत हिरव्या पानांची बारीक गुंडी. ती चिकटवता येत नाही.

२४ जानेवारी

जेवलो नाही. वडिलांना शिव्या दिल्या. त्यांचा काय दोष!

५ फेब्रुवारी

ही आली. वाळलीय. ‘चला, आधी बागेत.’ चप्पलसुद्धा काढली नव्हती.

मी म्हटलं, ‘मागे शेवाळ झालंय, घसरशील. आधी चहा घे.’ आणि दाराला वरची कडी घातली. तिचा हात तिथे पोचत नाही.

आज सांगणारच होतो. चहाचा कप ठेवला, घसा खाकरला. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि ही तिला सांगायला लागली, ‘फुलं आली की ये गं, सगळेच या!’ माझं अवसान गळालं.

१८ फेब्रुवारी

‘कोंब आलेत का?’

‘आलेत की.’

‘कसे आहेत?’

‘टपोरे.’

पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं छापून येऊ नये म्हणून डोळे फोडले आणि आता हे!

६ मार्च

ऊन छान पडलं होतं. ही म्हणाली, ‘एकदा मागे न्या ना हो. सकाळचा उजेड चांगला असतो, सकाळी मला बरं दिसतं.’ मी म्हटलं, रंगारी येणारेत, शिड्या पडल्यात, आज नको. रंगारी कुठले आणि शिड्या कुठल्या!

मग ही पुढच्या खोलीत खिडकीशी बसली. त्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. नुसती भिंत.

९ मार्च

पुन्हा विचारलं. पुन्हा उद्यावर ढकललं.

२२ मार्च

विचारायची थांबलीय. मला सुटल्यासारखं वाटलं. असं वाटल्याची लाज वाटली.

१० एप्रिल

झाडं मात्र माजलीत! बुडापासून फुटली, तळहाताएवढी पानं, हिरवीगार. टोकं रोज तपासतो, चष्मा पुसून. कळी नाही. कुंड्या दुपारी सावलीत ओढतो, माती सुकू देत नाही, तुरटीचं पाणी मापाने घालतो. शेजारीणबाई सांगतात तसं सगळं करतो. ‘पुढच्या वर्षी बघा कशी लगडतील,’ त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी! जीभ चावली त्यांनी.

‘वहिनींना सांगून टाका हो,’ जाताना म्हणाल्या. ‘माणूस झाडावर रागावतं, नवऱ्यावर रागावतं, मग विसरतं.’

बाई शहाण्या आहेत. मीच भित्रा.

२७ एप्रिल

ही माझ्यासाठी मफलर विणतेय. विणायला डोळे लागत नाहीत म्हणते, बोटांना सगळं पाठ आहे. निळा मफलर, मध्येच वीतभर हिरवी पट्टी. म्हटलं, ‘ही हिरवी कुठून घुसली?’ क्षणभर हात थांबले. मग म्हणाली, ‘मुद्दाम घातलीय. डिझाइन आहे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं!’

खरंच काही कळत नाही.

२० मे

ठरवलं. विकत आणायचं! फुललेलं झाड आणून हिच्या मातीच्या कुंडीत बसवायचं. चोराच्या वाटा चोरालाच सुचतात.

२८ मे

तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. सगळीकडे गुलाबी. शेवटचा नर्सरीवाला म्हणाला, ‘काका, उमललेल्या फुलाचा रंग नाही बदलत. निळा हवा तर वर्षभर आधी लागायचं.’ सगळं आधीच लागायचं होतं, हे मला आता तोंडपाठ झालंय.

शेवटी गुलाबीच घेतलं. चांगले नारळाएवढे चार गुच्छ. हिला काय सांगायचं ते घोकतोय. ‘तुरटी कमी पडली माझ्याकडून, रंग फिरला.’ हे खोटं त्यातल्या त्यात लहान आहे. दोन शिव्या देईल, आणि फुलं तर बघेल.

३ जून

झाड कुंडीत लागलं. मुळं झटकून, हिची माती भरून, वर वाळका पाला पसरला. पहिल्या दिवशी माना टाकल्या. भरपूर पाणी घालून भिंतीच्या सावलीत ठेवलं. आज उभं आहे.

कडी काढली.

७ जून

सकाळी हिचा हात धरून मागे नेलं. शेवाळ नव्हतंच, तरी पावलं चाचपत टाकत होती. खुर्ची कुंडीजवळ ठेवली. बसली. चेहरा एका बाजूला तिरका करून फुलांच्या अगदी जवळ नेला, मग दोन्ही हातांनी गुच्छ धरला, लेकीला लहानपणी धरायची तसा.

मी मनातल्या मनात घोकत होतो — तुरटी कमी पडली, रंग फिरला.

मग म्हणाली, ‘अहो! अगदी चाळीस नंबर!’

मी फुलांकडे बघितलं, गुलाबीच होती.

‘तुरटी बरोबर पडली हो तुमच्याकडून. मला वाटलं होतं, मी नाही तर हे गुलाबी करून ठेवणार.’ आणि हसली. माझा हात शोधला. ‘बघितला बाई एकदाचा. डोळे भरून बघितला.’

मी ‘हो’ म्हटलं.

८ जून

हिरवी पट्टी डिझाइन नव्हती.

मार्चमध्ये हिला सकाळचं दिसत होतं. तेव्हा नुसत्या काड्या दाखवल्या असत्या तरी त्याच बघितल्या असत्या. आणि मी दाराला कडी घातली होती.