चरांची बातमी फोडली कोणी

ती. दाजींना गहिनीनाथचा नमस्कार, आणि ताईच्या पायाशीही.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईने फोनवर "बरं हाय" एवढंच सांगितलं, त्यावरून ती काहीतरी लपवते आहे असं मला वाटलं. इकडे आम्ही ठीक. डाळिंबाला फूल चांगलं लागलंय (इतकं चांगलं का लागलं ते कळत नाही). फोन सोडून मी कागद घेतला याचं तुम्हाला नवल वाटेल. पण तुमचा मोबाईल करणने लावून दिलाय, म्हणजे त्यात काय येतं-जातं ते त्याला कळत असणार. माझा मुलगा तुमच्या घरी राहतो, शेवगावच्या कॉलेजकडून माझ्याच कॉलेजविरुद्ध फुटबॉल खेळतो आणि जूनपासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. त्याच्या हाती हा मजकूर पडायला नको, म्हणून पत्र कारभारीच्या कांद्याच्या टेम्पोबरोबर पाठवतोय. कारभारीवर माझा पूर्ण विश्वास आहे, तरी पाकीट डिंकाने चिकटवून जोडावर सही केली आहे. सही मोडलेली दिसली तर कळवा.

करण घर सोडून का आला हे त्याने तुम्हाला त्याच्या पद्धतीने सांगितलं असेल. माझं म्हणणं एवढंच, की गेल्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात त्याने पेनल्टी गोलच्या वरून मारली, आणि सामन्याआधी तो समोरच्या संघातल्या पोरांबरोबर चहा पिताना मला दिसला होता. मी भूगोल शिकवत असलो तरी संघाचा प्रमुख आहे. त्या नात्याने मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, की चहाशिवाय आणखी काय काय ठरलं होतं. हा साधा प्रश्न आहे, कुठल्याही पोराला मी तो विचारला असता. वर्ष संपलं तसा त्याने दाखला काढला आणि आत्याकडे निघून आला. आता दिवाळी तोंडावर आली. सविता रोज विचारते, पोरगं येणार का, आणि मी रोज सांगतो, मला काय माहीत. घरात करमत नाही दाजी, हे मी तुम्हालाच लिहितोय.

असो. विषय फुटबॉलचा आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या एनएसएसचं शिबिर झालं. ते कानिफनाथ सरांकडे असतं, आणि पाणी अडवण्याचं त्यांना वेडच आहे. शिबिराला मोठे पाहुणे यायचे होते, त्यांच्यापुढे पोरं चर खोदताना दिसायला हवी होती. पण आमच्या पारनेर तालुक्यात चर खोदायला उतार शिल्लक राहिलाय कुठे? गावचा डोंगर खणून झालेला, माळ खणून झालेला, प्रत्येक ओघळीला बांध. सगळ्या शिवारात एकच उतार कुदळीला न लागलेला होता, तो आमच्या फुटबॉलच्या मैदानाचा. मी आठवडाभर माझ्या मावसभावाच्या लग्नात गुंतलो होतो (त्याच आठवड्यात शिबिर कसं काय ठेवलं, याचं उत्तर सरांनी अजून दिलेलं नाही), परत येऊन बघतो तर मैदानात आडवे तीन चर, काठाला कडुनिंबाची रोपं, आणि मधोमध पाहुण्यांच्या हस्ते फोडलेला नारळ. मी प्राचार्यांकडे गेलो, म्हटलं बुजवा. पण शिबिरानंतर दोनदा अवकाळी पाऊस पडून चर भरले, त्या उन्हाळ्यात कॉलेजच्या विहिरीला पहिल्यांदाच पाणी टिकलं, आणि प्राचार्य म्हणाले, फुटबॉल काही पिता येत नाही. विषय संपला.

कडुनिंब शेळ्यांनी खाल्ले. पाऊस पडला तसे चर गवताने असे झाकले गेले, की नवख्याला सगळं मैदान सपाट दिसावं. आमच्या पोरांना मात्र पायाने पाठ. बाहेरचे संघ यायचे, जोरात मुसंडी मारायचे आणि एकेक जण गवतात दिसेनासा व्हायचा. आमचा संघ, ज्याने आजवर नाणेफेकीपलीकडे काही जिंकलं नव्हतं, तो जिंकायला लागला. मला आधी वाटलं, समोरचे मुद्दाम पडतायत. इतक्या सहज कोण पडतं? मी एकाला बाहेर काढताना त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, पण तो खरंच रडत होता.

बाहेरगावी मात्र आमची अब्रू गेली. सपाट मैदानावर आमची पोरं चेंडू घेऊन पळता पळता मध्येच, काही नसताना, टुणकन उडी मारायची. अकराच्या अकरा, त्याच त्याच जागी. एका ठिकाणी पंचांनी खेळ थांबवून सगळ्यांच्या तोंडाचा वास घेतला. मी गोरक्षला, म्हणजे आमच्या गोलकीपरला, दरडावून विचारलं, तर म्हणाला, "सर, आमी न्हाई उडत. पाय उडत्यात." म्हणजे आमची सगळी मदार घरच्या मैदानावर आणि चरांच्या गुपितावर.

शेवटचा सामना तुमच्या शेवगावच्या संघाशी, आमच्याकडे. जो जिंकेल तो पुढच्या फेरीत. मी गवत कापू दिलं नाही, गुरं आत येऊ दिली नाहीत, आठवडाभर संघातल्या पोरांचे मोबाईल माझ्या कपाटात. आणि तुमचा सात नंबर, म्हणजे आपला करण, पहिल्याच मिनिटाला चेंडू घेऊन निघाला आणि खाली न बघता तिन्ही चर ओलांडून गोल करून मोकळा झाला. वर हात उंचावून मागच्या पोरांना खुणा करत होता, इथे उडी, इथे उडी. मी हबकलो. बातमी फोडली कोणी? मध्यंतरात मी गोरक्षला झापलं, कानिफनाथ सरांशी भांडलो, पाणी द्यायला आलेल्या शिपायाचीही झडती घेतली. शेवटी सामना बघायला आलेल्या सवितालाच विचारलं, तू फोनवर बोललीस का. ती म्हणाली, "आवो, त्यानंच खांदलेत ना चर. शिबिरात तो हुताच की. मीच डबा द्यायला जायची." ती खरं बोलत असावी.

पण त्यापेक्षा संशयास्पद गोष्ट पुढे घडली. आम्ही कसाबसा एक गोल फेडला. अगदी शेवटी चेंडू करणच्या पायात, आणि त्याला अडवायला पुढे धावलेला आमचा गोरक्ष मधल्या चरात आडवा. समोर गोल मोकळा. करणने चेंडू पायाखाली दाबला, वाकून गोरक्षला हात दिला आणि वर ओढला. तेवढ्यात शिट्टी झाली. बरोबरी. त्याचे सगळे साथीदार त्याच्यावर ओरडत होते, आणि मला माहीत आहे आता त्याला तिथे कोणीतरी विचारणार, की गोरक्षशी तुझं काय ठरलं होतं. काही ठरलेलं नव्हतं दाजी. मी बापाच्या डोळ्यांनी बघितलंय. तिथे कोणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांगा.

आता सामना पुन्हा होणार, रविवारी, तुमच्या मैदानावर. ताईला आणि तुम्हाला पुन्हा नमस्कार. गुडघ्याचं खरं काय ते कळवा.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. तुमचं मैदान सपाट आहे असं ऐकतो. रविवारच्या आत नगरपालिकेकडून पाण्याच्या पाइपासाठी आडवे चर खोदून घेता आले तर पाहा. तीन पुरेत. अंतर मी कळवीन.

ता. क. २. सोबतच्या खोक्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत. सविताने ताईसाठी म्हणून दिलेत, पण एवढे लाडू ताई एकटी खाईल असं मला वाटत नाही.

ता. क. ३. लाडवांच्या खाली नवे बूट आहेत, नऊ नंबरचे. सविताला माहीत नाहीत. करणच्या उजव्या बुटाचा तळ सुटलाय, पळताना फटफट वाजत होता, मी रेषेवर उभा होतो म्हणून ऐकू आलं. रविवारच्या आधी एक-दोनदा घालायला लावा, नाहीतर ऐन सामन्यात चावतील. तुम्ही घेतलेत म्हणून द्या. मी पाठवलेत हे कळलं, तर यात माझा काहीतरी डाव आहे असं त्याला वाटेल. आहेच. तो दिवाळीला घरी यावा, एवढाच.