अर्धा सूर वर

४ एप्रिल, दुपार
गुरुजींचा तानपुरा मी अर्धा सूर चढवून ठेवलाय. करायला नको होतं, मान्य. पण झालं आता.

कारण लिहून ठेवतो, पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याचा घोळ नको. गुरुजी सत्तरीपार. थंडीपासून काळी एक सोडून अर्धा सूर खालच्या पट्टीत, पांढरी एकला गातात. तिथं त्यांना सगळं जमतं, माझी गरजच पडत नाही. मी मागे बसून तारा छेडतो. अख्ख्या बनारसला लल्लनची फक्त बोटं ठाऊक! आज शीतलामाईच्या शृंगाराला, म्हणजे देवळाच्या वार्षिक उत्सवाला, गुरुजींची हजेरी. दरसालची. बिदागी नाही, देवीपुढे गायचं आणि प्रसाद घेऊन यायचं. पट्टी चढली की वरच्या षड्जाला त्यांना दम लागणार, ते मागे बघून मान हलवणार, आणि मी असा सा लावणार की गवयांचा अख्खा कबीरचौरा मोहल्ला गार.

शिवाय म्हाताऱ्याला जुनी पट्टी परत मिळेल. मस्करी कसली, गुरुसेवाच.

(रियाज राहिला. कचोऱ्या जरा जास्त झाल्या.)

४ एप्रिल, संध्याकाळ, देवळामागे
तबल्याचा किसुनभैया हातोडीनं ठोकत ठोकत सुरात आला. विचारत होता, काय गुरू, पंडितजी जवान झाले की काय आज? सारंगीवाले हशमतचाचा मात्र वैतागले. सारंगीच्या पोटातल्या तरफेच्या एवढ्या तारा, सगळ्या चढवायच्या. एक तुटलीच. म्हणाले, पट्टी देवकीनं चढवायला सांगितली? (गुरुजींना नावानं हाक मारणारे ते एकटेच.) मी म्हटलं, हो चाचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. या खेळात मी हरत नाही.

गुरुजींनी तानपुरा तपासला नाही. कधीच तपासत नाहीत. म्हणतात, लल्लननं लावला म्हणजे लागला.

५ एप्रिल
थोडक्यात लिहितो.

वरच्या षड्जाला गुरुजींचा आवाज फाटला. त्याच क्षणी चाचांचा गज किंचाळला, इतका मोठ्यानं की लोक सारंगीकडे बघून हसले. कुणीतरी ओरडलं, मियाँ, चष्मा घरी राहिला का! चाचांनी कान पकडून देवीची माफी मागितली. त्यांचा गज असा घसरलेला मी जन्मात ऐकलेला नाही.

गुरुजींनी मागे बघून मान हलवली. माझा चान्स.

माझाही फाटला.

चाचांचा गज परत किंचाळला.

(कचोऱ्यांचा दोष. आजपासून बंद. उद्यापासून पहाटे उठून खर्ज.)

६ एप्रिल
उठायला उशीर झाला.

देवळाचे लोक आले होते. पुढच्या वर्षी सारंगी नको, पेटी बसवू, म्हाताऱ्याचा हात गेला म्हणाले. गुरुजी म्हणाले, त्याचा हात नाही, माझा गळा गेलाय. हशमतनं झाकलं. पांढरी एकलासुद्धा पोचत नाही मी आता. आटपलं.

त्यांना वाटतंय ते पांढरी एकलाच गात होते.

चाचांनी गल्लीत गाठलं. अर्धा सूर होता ना? मी म्हटलं, चाचा, मस्करी होती. म्हणाले, मग जा, सांग त्याला. मी सांगितलं तर तुझ्या मनगटावरचा गंडा तोडून हाकलून देईल. तू सांगितलंस तर फार तर कानाखाली देईल, आणि उद्या सकाळी गायला बसेल.

ठरलं. उद्या सांगणार.

७ एप्रिल
गुरुजी झोपले होते.

९ एप्रिल
जागे होते, पण मूड बरा दिसला नाही. अशा वेळी सांगणं म्हणजे निर्दयपणा.

१३ एप्रिल
आज मूड बरा होता. तो कशाला घालवा?

शेजारची चौबाइन विचारत होती, पंडितजी गावाला गेलेत का, सकाळी घर मुकं असतं. मी म्हटलं, विश्रांती चाललीय. चाचा रोज चहाला येतात, सारंगी आणत नाहीत. दोघं म्हातारे बसतात. चाचा कप ठेवताना माझ्याकडे बघतात. हल्ली मीच आधी नजर खाली घालतो. डोळे दुखतात माझे.

कचोरी एकच. ती मोजत नाही.

२१ एप्रिल
आज सांगायचंच, म्हणून वाक्य पाठ करून गेलो. तर गुरुजींनीच आधी बोलून टाकलं. पुढच्या वर्षीची हजेरी तुझी, लल्लन. मी पाया पडलो. पाया पडताना बोलता येत नाही.

मग म्हणाले, तानपुऱ्याच्या तारा सैल कर आणि गवसणी घाल. उगाच ताणून कशाला ठेवायच्या. आणि आत गेले.

सवयीनं तार छेडत छेडत खुंटी सैल करत होतो. तार उतरत उतरत पांढरी एकवर आली आणि आतून गुरुजींचा सा आला. नकळत, आपोआप, जसा खोकला येतो तसा. भरलेला, गोल. कुठं चीर नाही.

तिथंच थांबायचं होतं. खुंटी सोडायची, आत जायचं.

माझा हात पिळतच राहिला. सूर खाली खाली गेला. आत गुरुजी गप्प झाले. मी गवसणी घातली, नाडी बांधली.

उद्या नक्की सांगतो. पण ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर बाबा रे, पाया पडतो तुझ्या, कुणाला बोलू नकोस. निदान माझी हजेरी होईपर्यंत तरी.