कोरी नळी

३ मार्च
लागली एकदाची नोकरी. फुप्फुसांच्या प्रयोगशाळेत नळ्या धुवायच्या, राहायला मागची खोली. खिडकीबाहेर कबुतरांनी संसार मांडलाय, सकाळ त्यातच गेली. इथल्या मुख्य बाई छान समजावतात. फुप्फुसातल्या पेशी रंगात कालवून मशीनमध्ये सोडायच्या. त्या रांगेने लेझरसमोरून जातात. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, कोरी राहते. मेलेलीत तो शिरतो. पण मशीन लहरी, आज एक सांगतं, उद्या भलतंच. ते ताळ्यावर आणायचं चाललंय.

६ मार्च
तुलनेला धडधाकट माणसाचा कफ हवा होता. मशीनवाला म्हणाला, हा रेडा फुकट पोसलाय का, घ्या याचाच. माझ्या डोक्यात अक्षर नाही म्हणून मला कोऱ्या म्हणतो. दिला खाकरून. सगळ्याच्या सगळ्या पेशींनी रंग धरला. तो पोट धरून हसला, म्हणे कोऱ्या, तू तर कधीच खपलायस. बाई मशीनवर वैतागल्या. मीही हसलो.

९ मार्च
मशीन धुतलं, लेझर नीट केला, रंगाची नवी बाटली फोडली. बाई, मशीनवाला आणि मी, तिघांचा कफ. कुणाची नळी कुठली कळू नये म्हणून नावं झाकली. दोन कोऱ्या निघाल्या, एक रंगलेली. तिचं नाव उघडलं. मशीनवाला आज मला कोऱ्या म्हणाला नाही.

११ मार्च
पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, मशीन आता भरवशाचं झालं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

१२ मार्च
ताईचा फोन. मी सगळं सांगत सुटलो. मध्येच ती म्हणाली, अरे, जरा दम तरी घे बोलताना.
घेत नव्हतो.

१४ मार्च
बाईंनी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासायला नळी घालून फुप्फुसात पाणी सोडलं. खोकला येईल, घाबरू नकोस म्हणाले. आला नाही. त्यांनीच हात मागे घेतला —

१५ मार्च
कळलं नव्हतं तोवर दमाशिवाय चाललं. आता छाती मी हलवतो. मुद्दाम, आठवणीने. विसरलो की थांबते. थांबली की बोटं गार — मग डोळ्यांपुढे काळं. झोपायची सोय नाही.

१६ मार्च
घे. सोड. घे. ताई निघालीय, संध्याकाळी पोचेल. तोवर फक्त एवढंच करायचं. पण माझं लक्ष कधी एका जागी टिकलंय — घे — सोड — खाली कुणीतरी शीळ घालतंय, सूर ओळखीचा वाटतो, कुठलं बरं ते गा