घोड्याने रडायचं नाही

५ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

इथल्या इस्पितळात मला कायम करतायत, पण मग दोन वर्षं नर्सची ही जागा सोडता येणार नाही. पंधरा तारखेला सही करायची आहे. एकच विचारते, आणि खरं सांग. भिंगरी आईसाठी रडते का? रडत असेल तर खड्ड्यात गेली नोकरी. तुझ्या दुकानात ती ग्रीस फासून काळी माकडीण झाली असेलच. सायकलींबरोबर अधूनमधून माझ्या लेकीलाही पुसत जा.

ताईचे आशीर्वाद आहेतच, पण वेळेवर जेवलास तरच लागू पडतील.

८ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझी लेक ठणठणीत आहे. तू गेलीस त्या दिवशी रडली, तेव्हा माझाही बांध फुटला, ते सोड. त्यानंतर डोळ्यांतून टिपूस नाही. प्लास्टिकचा घोडा आणि कापडी बाहुली घेऊन कोपऱ्यात एकटीच बडबडत असते. घोड्याचं बोलणंही हीच बोलते. तू खुशाल सही कर.

दुरून का होईना, कान पिळत राहा.

११ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

सही करू नकोस! मागचं पत्र फाडून टाक, मी गाढव आहे.

आज सायकल उलटी करून चाक काढत होतो. मी तिथे आहे हे भिंगरी विसरलीच होती. बाहुली कामाला निघाली होती आणि घोडा तिच्या मागे लागला होता. भिंगरी त्याला हळूच समजावत होती की रडायचं नाही हं, आपण रडलो की मामा पण रडतो, आणि मामाला जवळ घ्यायला कुणीच नाहीये. मग घोड्याच्या जाड्या आवाजात म्हणाली की बरं, नाही रडत.

ताई, मी पाना खाली ठेवला. चार वर्षांची पोर मला सांभाळत होती, आणि मी तुला कळवत होतो की ती मजेत आहे. तशाच काळ्या हातांनी तिला उचललं आणि सांगितलं की मामा आता घट्ट झालाय, तू रड. तिने आधी माझे डोळे नीट तपासले. मग अशी रडली की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी टाकून धावत आला.

रागाव, पण जीव लावतेस तसाच लावत राहा.

१४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

सही केली नाही. मोठ्या नर्सबाई म्हणाल्या की वेडी आहेस, मी म्हटलं की हो. नोकरी काय, दुसरी बघू. तुझं पत्र वाचून मी इथे कपड्यांच्या खोलीत दार लावून बसले होते.

रविवारी पोचते. तोवर तुम्हा दोघांपैकी ज्याला रडू येईल त्याने खुशाल रडावं, ही थोरल्या बहिणीची आज्ञा समज.